सर्वांत मागचं आसन

दादाच्या काचेच्या कपाटात फक्त जुन्या अमेरिकन स्टेशन वॅगनची धातूची छोटी मॉडेलं आहेत. लांबलचक गाड्या, बाजूंना लाकडासारखी रंगवलेली पट्टी, छतावर सामानाची जाळी. काहींचं सर्वांत मागचं आसन उलटं असतं. तिथे बसणाऱ्या मुलांना पुढचा रस्ता दिसत नाही, मागे पडलेला दिसतो.

"लोकांना एक सवत असते," वहिनी म्हणते, "मला कपाटभर आहेत. आणि हात लावायचीही चोरी!"

अशा गाड्या जमवणाऱ्यांचा एक अलिखित नियम आहे: गाडी रिकामी ठेवायची, आत माणूस बसवायचा नाही. का, ते कोणी सांगत नाही. दादाने नियम मोडला तो त्याच्या मुलीच्या, चिमीच्या वाढदिवसाला. मला गाडीत बसव म्हणून तिने हट्टच धरला होता. त्याने पुट्टीचा गोळा कोरून बोटाच्या दोन पेरांएवढी चिमी केली, पिवळा फ्रॉक रंगवला, हिरव्या वॅगनचा तळ उघडून ती मागच्या उलट्या आसनावर चिकटवली आणि स्क्रू पुन्हा घट्ट केले.

त्यानंतर चिमी वाळत गेली. खायची, खेळायची, हसायची. पण उचलली की हलकी लागायची. डॉक्टरांना काही सापडेना.

मी धातू तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. रविवारी दुपारी दादाने मला कपाटापुढे उभं केलं. हिरव्या वॅगनखालची काचेची फळी मधोमध वाकली होती.

"जस्ताचा मिश्रधातू खराब होतो ना गं? फुगतो, तडकतो?"

"फुगतो. एवढा जड होत नाही."

मी गाडी उचलली आणि दुसरा हात खाली लावावा लागला. न्हाणीघरातला वजनकाटा आणून ती त्याच्यावर ठेवली. मग चिमीला उभं केलं. डॉक्टरांच्या नोंदीप्रमाणे चिमीचं वजन जेवढं घटलं होतं, तेवढंच गाडीचं वाढलं होतं. मी काटा बदलला, शेजारच्यांचा आणला. उत्तर तेच.

वहिनी आकड्यांकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "काढा तिला बाहेर. आत्ताच्या आत्ता."

"वहिनी, थांब. आधी मला विचार करू दे."

"विचार तुम्ही बहीणभाऊ जन्मभर करा. माझी पोर वाळतेय."

दादाने पेचकस घेतला. पहिला स्क्रू सैल झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला पेचकस लावला तेव्हा पलंगावर चित्रं काढत बसलेल्या चिमीने मान वर केली.

"बाबा, वारा येतोय."

खिडक्या बंद होत्या. पंखाही बंद होता. चिमीच्या कपाळावरचे केस मात्र पाठीमागून वारा लागावा तसे पुढे उडत होते. तिचे ओठ निळे पडायला लागले.

"बंद कर!" मी ओरडले. "दादा, आधी बंद कर!"

त्याने स्क्रू पिळले. शेवटचा मी पिळला. केस खाली बसले. चिमीने हातातला खडू बदलला.

थोड्या वेळाने मला एक सुचलं. मी गाडी चिमीच्या हातात दिली आणि दोघींना एकत्र काट्यावर घेतलं. गाडीचं मूळचं वजन वजा केलं. बाकी उरली ती वाढदिवसाआधीची चिमी, पूर्ण.

"म्हणजे कुठे गेली नाहीये," वहिनी हळूच म्हणाली.

"नाही. पण आता दोन ठिकाणी आहे."

दादाने हुश्श केलं, गाडी चिमीकडून घेतली आणि जरा टेकवावी म्हणून फरशीवर ठेवली. फरशी सपाट आहे. आमच्या घरात साधी गोटीसुद्धा आपणहून घरंगळत नाही. गाडी निघाली. हळू, सरळ, दाराकडे. परत पलंगावर जाऊन बसलेल्या चिमीने आमच्याकडे बघत हात हलवायला सुरुवात केली, निरोप घेताना हलवतात तसा.

दादाने अंग झोकून दिलं. पालथा पडून त्याने दोन्ही हातांनी गाडी धरली. ती ओढत होती; त्याची कोपरं फरशीवर घासत पुढे सरकत होती. मी त्याचे पाय धरले.

"डिंक!" तो ओरडला. "तो पक्का, लोखंडाला लावायचा! वरच्या खणात!"

ज्या गाडीवर तो कुणाला श्वासही सोडू देत नसे, तिच्या चारही चाकांत वहिनीने ट्यूब पिळली. डिंक रंगावर ओघळला, दरवाजांवर पसरला. चिमीचा हात अजून हलत होता.

"सुकला का हो?" वहिनीने विचारलं.

दादाने पकड सोडली नाही. "अजून ओढतेय," तो म्हणाला. "आणखी ओत."