'छे' म्हणायची जागा

हं : पुढे बोल

धाकटीचं काम होतं हुंकार निवडायचं. हसू येईल, पण हे खरंच काम होतं. त्याला पगार होता, फिरती खुर्ची होती, कान गरम करणारे जाड हेडफोन होते. तिची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी फोनवरची सोबत बनवत होती. माणसाने फोन लावायचा आणि बोलत सुटायचं. पलीकडे यंत्र ऐकणार. सल्ला नाही, उपदेश नाही, मध्येच 'ते जाऊ दे, माझं ऐक' नाही. फक्त योग्य जागी 'हं'.

आता ती योग्य जागा अवघड, आणि तो हं त्याहून अवघड. आधी एका नटाला काचेच्या खोलीत बसवून हं म्हणवून घेतले. प्रोग्रॅम लिहिणारा चष्मेवाला ते ऐकून म्हणाला, "हा माणूस दातांच्या डॉक्टरपुढे तोंड उघडून बसलाय." मग एका नटीला बोलावलं, तर तिचा प्रत्येक हं प्रेमात पडलेला.

खरा हं काचेच्या खोलीत येत नाही. हात दुसऱ्या कामात असतात, डोळे तिसरीकडे असतात आणि बोलणारं माणूस इतकं आपलं असतं की त्याच्याकडे बघायची गरज वाटत नाही, तेव्हा तो येतो. हे धाकटीला सुचलं आणि सुचलं त्याच संध्याकाळी तिने आईचा फोन रेकॉर्ड केला. आईला विचारलं नाही. मग पुढचेही केले.

आवाजाची पडद्यावर रेघ दिसते. आईचं बोलणं म्हणजे डोंगरांची रांग, आणि धाकटीचे हं म्हणजे मधूनमधून पडलेले खडे. तिने खडे वेचले, स्वच्छ केले, त्यांना नावं दिली: पुढे बोल, असं का, कळलं गं, झालं का. डोंगर पुसून टाकले. डोंगरांचं काही काम नव्हतं.

कंपनीच्या मॅडमनी ऐकलं आणि खुर्चीतून उठल्याच. "अगं, सोनं आहे हे! कुठून आणलंस?"

"घरून," धाकटी म्हणाली. सगळे हसले.


हं : असं का?

चाचणी तिच्याच फोनवर घ्यायची ही चष्मेवाल्याची कल्पना. "तुझा आवाज, तुझी आई. तिने ओळखलं नाही तर कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही."

"बोल आई," एवढं धाकटी स्वतः म्हणाली, मग यंत्राचं बटण दाबून फोन ओट्यावर ठेवला आणि भांडी घासायला घेतली. बोलण्यात निरोपाची चिन्हं दिसली की फोन थरथरेल अशी सोय होती. थरथरला. हात पुसून तिने तो कानाला लावला.

"आज किती छान ऐकून घेतलंस गं," आई म्हणत होती. "नाहीतर तुझं लक्ष नसतं. कळतं मला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिच्यासाठी टाळ्या वाजल्या. चाचणी तिथेच संपायला हवी होती.

नाही संपली. आईचा फोन यायचा, धाकटी बटण दाबायची. कपडे धुणं आपण यंत्राला दिलं, रस्ता शोधणं दिलं, वाढदिवस लक्षात ठेवणं दिलं. दर वेळी हात मोकळे झाले आणि त्या मोकळ्या हातांत आपण फोनच घेतला. मग ऐकणंही दिलं तर कुणाचं काय बिघडलं? उलट आई खूश. धाकटी स्वतःला हे पटवून द्यायची. पटायचंही. पटलं होतं, तर रोज नव्याने का पटवावं लागायचं, हे मात्र ती स्वतःला विचारत नव्हती.

त्या दिवसांतलं एक बोलणं इथे द्यायला हवं. पण ते असंच द्यावं लागेल, कारण त्याची दुसरी बाजू आता कुणाकडेच नाही.

— बोल आई.

—

— हं.

—

— हं?

—

— हंऽऽ.

—

— हं.

—

— बरं, ठेवू का? काळजी घे हं.


हं : कळलं गं

आई एकटी राहायची, वरच्या मजल्यावर. मागे बाथरूममध्ये घसरली तेव्हा बराच वेळ कुणाला कळलंच नाही. ताईच्या घरी तिचे सासू-सासरे, तिथे पाय ठेवायला जागा नाही. म्हणून आईने धाकटीकडे यायचं असं ठरलं होतं. मागच्या खोलीतली व्यायामाची सायकल निघाली, खोकी निघाली, नवा पलंग आला. आईने बॅग भरली होती.

अशात ऑफिसात असताना ताईचा फोन आला.

"काय म्हणालीस तू आईला?"

"कुठे काय? मी काहीच नाही म्हणाले."

"तेच तर! काहीच नाही म्हणालीस. नुसतं हं म्हणालीस."

"म्हणजे?"

"तिने भरलेली बॅग उपसली. शेजारच्या काकूंना सांगून आली, मी कुठे जात नाही म्हणून. किती खोदून विचारलं तेव्हा बोलली. ती तुला म्हणाली, मी आले तर तुला अडचणच होईल, नाही का गं? आणि बाईसाहेब म्हणाल्या, हं."

धाकटीच्या हातातला पेला टेबलावर टेकला आणि तसाच टेकून राहिला.

"अगं, ती असं येताजाता म्हणते," ताई थांबायला तयार नव्हती. "मला म्हणते, माझ्या नवऱ्याला म्हणते, दूध टाकणाऱ्यालासुद्धा म्हणते, माझा त्रासच होतो ना तुम्हाला. आपण छे म्हणायचं असतं. 'छे, काहीतरीच काय!' संपलं. तेवढं ऐकायलाच म्हणते ती. तुला हे शिकवायला हवं का आता?"

"ताई, माझं लक्ष नव्हतं गं..."

"लक्ष नव्हतं हे मला नको सांगूस. आई म्हणाली, ती आधी जरा थांबली. मग म्हणाली. विचार करून म्हणाली."

ते जरा थांबणं धाकटीचंच. लगेच आलेला हं खोटा वाटतो. एका श्वासापुरता थांबून आला तर वाटतं, माणूस आपल्या बोलण्याचा विचार करतंय. हे चष्मेवाल्याला पटवायला तिला कितीतरी भांडावं लागलं होतं.


हं : (नाव दिलेलं नाही)

"ते बोलणं मिळेल का?" तिने चष्मेवाल्याला विचारलं.

"नाही. आपण काही साठवत नाही. जाहिरातीतलं पहिलंच वाक्य आहे ते."

"पण तिथे हं चुकला."

"कसा चुकला? शेवटी 'नाही का' आलं, माणूस थांबलं. तिथे हं बसतो. तुझ्याच उदाहरणांवरून शिकलंय ते."

"तिथे छे हवं होतं."

"मग नियम सांग. आज घालतो."

तिने खुर्ची ओढली. "माणूस स्वतःबद्दल वाईट बोलत असेल तर छे."

"'म्हातारी झाले मी.' छे?"

"हो. म्हणजे... नेहमी नाही."

"'मला जमायचं नाही आता हे.'"

"ते कसं म्हटलंय त्यावर आहे. कधी छे, कधी 'मग मी करते'."

"'तुला उगाच बोलले, चुकलंच माझं.'"

"तिथे लगेच छे. पण खरंच चुकलं असेल तर जरा उशिराने."

चष्मेवाल्याने कीबोर्डवरून हात उचलले. "बाई, हा नियम नाही. हे तुझं घर आहे."

ती मॅडमकडे गेली. म्हणाली की हे असं लोकांच्या हाती देता येणार नाही, माझे हं काढून घ्या, कुणाच्या तरी आईला माझ्या आवाजात भलतंच ऐकू जाईल.

"छे, काहीतरीच काय!" मॅडम म्हणाल्या.

बरोबर जागी, बरोबर सुरात. माणसांना किती सहज येतं ते.


हं : झालं का?

आईकडे जाताना धाकटीजवळ दोन वाक्यं तयार होती. एक, लाइन खराब होती, मला नीट ऐकू आलं नाही. दुसरं, खरं. पहिल्यात ती नुसती बहिरी ठरत होती. दुसऱ्यात ती तिथे नव्हतीच.

"अगं, कळवायचंस तरी," आईने दार उघडलं. पाहुण्यांची खुर्ची पुढे केली, आणि धाकटी बसायच्या आत ती पदराने पुसली. चहा पाहुण्यांच्या कपात आला. पलंगाखाली बॅग होती, रिकामी, चेन उघडी.

"खोली तयार आहे," धाकटी म्हणाली.

"हं."

"खिडकीतून उजेड चांगला येतो."

"हं."

"आई, त्या दिवशी लाइन खराब होती. तू काय म्हणालीस ते मला ऐकूच आलं नाही."

"हं," आई म्हणाली आणि बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली.

त्या बशीने काम केलं. परक्या माणसाला सरकवतात तशी ती सरकली होती. धाकटीने खरं ते सांगितलं. सलग नाही, मागचं पुढे, पुढचं मागे, पण सगळं सांगितलं. बटणासकट.

आई ऐकत होती. सबंध वेळ तिने एकदाही हं म्हटलं नाही.

"म्हणजे मी त्या डबड्याशी बोलत होते?"

"हो."

"आवाज तर तुझा होता."

"माझाच. आधीचा. आपल्या फोनमधून कापून काढलेला."

"आणि माझा?"

"तुझा काय?"

"त्याच फोनमध्ये मीही बोलत असेनच ना. त्याचं काय केलंस?"

धाकटीने कपाच्या कानाकडे बघितलं. "पुसला."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. होत नव्हती.

"मग बाबांचं सांगितलं ते?" आईने विचारलं. "दवाखान्यात शेवटी मला काय म्हणाले ते? ते मी ताईलाही सांगितलं नाही कधी. म्हटलं, हल्ली ही बरं ऐकते. हिला सांगून टाकावं."

"आता सांग ना, आई."

"छे," आई म्हणाली. रागाने नाही. "एकदा सांगून झालं ते. किती दिवस मनाची तयारी केली होती. पुन्हा कुठून आणू?"

धाकटी रडली असती तर सोपं झालं असतं. आईने तिला जवळ घेतलं असतं, छे गं म्हटलं असतं. ते कळत होतं म्हणूनच तिने डोळे कोरडे ठेवले. ते सुख तिला आज नको होतं.

"आधी वाटलं, तुला मी नकोशी झाले," आई म्हणाली. "आता कळलं, तू नव्हतीसच. यातलं बरं कुठलं, ते काही मला ठरवता येईना." मग एकदम, "आणि आता ते तुझं हं बाकीच्यांच्या घरी जाणार?"

"मी काढा म्हटलं. ऐकत नाहीत."

"म्हणजे त्या बायकांनाही तूच सांगणार, येऊ नका म्हणून. माझं ठीक आहे, मला तू येऊन तरी सांगितलंस. त्यांना कोण सांगणार?"

याला ना हं बसत होता ना छे.

मग आई उठली, कप उचलून सिंककडे गेली. पाठमोरी उभी राहून म्हणाली, "बघ बाई. एवढं सगळं झाल्यावर मी तिकडे आले, तर तुला अडचणच होईल, नाही का..."

"छे!"

"...गं. वाक्य तरी पुरं होऊ देत जा माणसाचं."

"छे, काहीतरीच काय, आई."

ते फार घाईत निघालं होतं, पाठ केल्यासारखं. तिला स्वतःलाही तसंच वाटलं. आईने नळ सोडला, कप धुतला, उपडा घातला. नळ बंद केला.

"हं," आई म्हणाली.

धाकटीने कान दिला. तो 'पुढे बोल' नव्हता. 'कळलं गं' असावा असं वाटलं, पण शेवट वर गेला होता. 'असं का' म्हणावं तर त्यात कुतूहल नव्हतं. इतके हं तिने हातांनी वेचले होते, कापले होते, नावं देऊन जागच्या जागी ठेवले होते. हा कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"आई, म्हणजे येतेस ना?"

आईने ओले हात पुसले आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

"तू ओळख," ती म्हणाली. "पगार घेतेस ना त्याचा?"