उथळ ठिपके

आमच्या ब्रेल छापखान्यातला जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला, तेव्हा ताईची बोटं बधिर व्हायला लागून सहा-सात महिने झाले होते. कॉम्प्युटरचं सगळ्यांना कळलं. बोटांचं फक्त आम्हा दोघी बहिणींना ठाऊक होतं, आणि त्यातही दोघी एकमेकींपासून लपवत होतो.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. पाचव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले, म्हणजे तिने मला कधी पाहिलंच नाही. पण मी घरात शिरले की चपलेच्या आवाजावरून माझं काय बिनसलंय ते ती सांगायची. छापखान्यात तिने एकोणतीस वर्षं प्रुफं तपासली. माझे यजमान अकाली गेले, तेव्हा तिनेच मला तिथे लावून घेतलं. सगळे तिला मोठ्या बाई म्हणत, मला धाकट्या बाई. माझे सगळे केस पांढरे झाले तरी मी आपली धाकटीच.

आमची कामाची एक पद्धत होती. ब्रेलचं प्रूफ तपासायला दोन माणसं लागतात, एक डोळस, एक अंध. इतर ठिकाणी अंध माणूस बोटांनी वाचत मोठ्याने म्हणतो आणि डोळस माणूस छापील पुस्तकात बघून मेळ घालतो. आमच्याकडे उलटं होतं. मी छापील पुस्तक मोठ्याने वाचायची आणि ताई बोटं फिरवत माझ्यामागून यायची. चूक दिसली की टेबलावर टिचकी मारायची. तिचं म्हणणं असं की तोंडाने वाचायला लागलं की बोटांचा वेग पडतो. खरंच होतं ते. तिची बोटं माझ्या तोंडाच्या पुढे धावायची. पानाच्या शेवटाला मी दम खात असायची आणि ती "चल गं, पेंगतेस काय?" म्हणत पान उलटून मोकळी झालेली असायची.

मग साखर वाढली. एकदा चुलीवरच्या पातेल्याची कड तिने उघड्या हाताने धरली आणि धरूनच ठेवली. मी ओरडले तेव्हा सोडली. "अगं, लक्ष नव्हतं," म्हणाली. मी मलम लावलं. टरटरून फोड आला होता, पण तिने साधं हायसुद्धा केलं नाही. त्या दिवशी मला शंका आली.

शंका आली की माणूस खात्री करायला जातं, हाच माणसाचा मोठा दोष. एका दुपारी प्रूफ वाचताना मी मुद्दाम एक ओळ गाळली. ताईची बोटं त्या ओळीवरून गेली. मी टिचकीची वाट बघत पुढची ओळ वाचली, तिच्या पुढची वाचली. टिचकी आली नाही. मी पान संपवलं, पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि मागच्या कागदाच्या रिमांपाशी जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा ताई "घसा बसलाय का तुझा? घरी गेल्यावर गरम पाणी घे," म्हणाली.

मी कोणालाच काही सांगितलं नाही. वाचणं हे ताईचं सगळं होतं. नोकरी तर होतीच, पण नोकरीचं मी सांगत नाही. छापखान्यातली तिची खुर्ची गेली तर 'माझी बोटं गेली' हे तिला स्वतःशी कबूल करावं लागलं असतं. ते आणखी चार दिवस पुढे गेलं तर कोणाचं काय बिघडतंय, असं मला वाटलं. प्रुफांचं काय, छापणारं यंत्र कॉम्प्युटरवरून चालायचं आणि ते क्वचितच चुकायचं. मी टाइप केलेला मजकूर दोनदा बघून घ्यायला लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी मी तिची मूठ झाकून ठेवली.

कॉम्प्युटर बंद पडला तो या सगळ्यात.

व्यवस्थापकांनी नवा कॉम्प्युटर आणला. त्यातल्या नव्या सिस्टिमला आमचं यंत्र ओळखताच येईना. यंत्र चांगलं ठणठणीत होतं, लोखंडी, दोन माणसांनी उचलावं एवढं. पण ते बनवणाऱ्या कंपनीने जुन्या सिस्टिमपुरताच प्रोग्राम दिला होता आणि आता त्या कंपनीने हात वर केले. म्हणाले, नवं यंत्र घ्या. नव्या यंत्राची किंमत ऐकून व्यवस्थापकांनी दोनदा चष्मा पुसला. "एवढ्यात आमच्या संस्थेची इमारत झाली होती, बाई," ते मला म्हणाले.

तेव्हा फुकटराव आले. टेलिफोन खात्यात मेकॅनिक होते, निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. आमच्याकडे अधूनमधून वायरिंग बघायला यायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. कॉम्प्युटरवर ते एक वेगळीच सिस्टिम वापरत. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली, कोणालाही फुकट मिळणारी. त्या सिस्टिमचं त्यांना असं वेड होतं की दहा वाक्यांत आठ वेळा फुकट हा शब्द यायचा. नाव पडायला वेळ लागला नाही.

"साहेब, ही टाकून बघा," ते व्यवस्थापकांना म्हणाले. "दमडी लागणार नाही. आणि जुन्या यंत्रांना वाऱ्यावर सोडत नाही ही. वीस वर्षांपूर्वीचा प्रिंटरही चालवते."

"फुकट मिळतं ते टिकतं का हो?" व्यवस्थापक म्हणाले.

"फुकट ते पौष्टिक!"

"तुम्हाला पौष्टिक. अपचन झालं तर मला होणार."

ताई हसली. "साहेब, बघू द्या त्यांना. आणलेली सून चालेना, तर घरजावई करून बघू."

फुकटरावांनी एक आठवडा घेतला. यंत्राची जाड वायर, टोकाला पंचवीस पिना, ती नव्या कॉम्प्युटरला बसेना म्हणून कुठून तरी एक जोडणी आणली. रोज डबा घेऊन यायचे, पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी बघत बसायचे आणि मधूनच "का रुसलीस बाई?" असं यंत्राला विचारायचे. आठव्या दिवशी यंत्र खडखडलं. ओळीमागून ओळी, जाड कागदावर ठिपके उठायला लागले. फुकटरावांनी पहिलं पान काढून खिडकीशी तिरकं धरलं. तिरप्या उजेडात प्रत्येक ठिपक्याची सावली दिसत होती. मीही बघितलं. सगळे ठिपके जागच्या जागी.

"मोठ्या बाई, आता तुमच्या हातात," म्हणून त्यांनी पान ताईपुढे ठेवलं.

दुसरीचं पुस्तक होतं. मी वाचायला लागले. ताईची बोटं फिरायला लागली. तिच्या कपाळावर एक आठी आली. मला वाटलं, ती आता थांबेल. ती थांबली नाही. पान संपल्यावर तिने बोटं अंगठ्यावर घासली, जशी थंडीत घासतात तशी.

"ठीक आहे," ती म्हणाली.

तीन दिवसांत पूर्ण पुस्तक तपासून झालं. ताईने शेवटच्या पानावर 'तपासले' असा शिक्का मारला. एकशेवीस प्रती सहा अंधशाळांना गेल्या. व्यवस्थापकांनी सगळ्यांना चहा पाजला. फुकटरावांना त्यांनी पेन दिलं, ते मात्र विकतचं होतं.

सतरा दिवसांनी एका शाळेतून फोन आला. फोन मीच घेतला. तिकडच्या शिक्षिका म्हणाल्या, "बाई, कोरी पुस्तकं पाठवलीत का?"

"कोरी कशी असतील?"

"मला डोळ्यांनी ठिपके दिसतात हो. पण मुलं म्हणतात, पानावर काहीच नाही. एक मुलगी रडायला लागली. तिला वाटलं, ती वाचायचं विसरली."

दोन दिवसांत बाकीच्या शाळांतूनही तेच आलं. गठ्ठे परत आले. कार्यालयाच्या दारात पुस्तकांचा ढीग लागला आणि व्यवस्थापकांनी सगळ्यांना बोलावलं. फुकटराव कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते, पोस्टात बसावं तसे, पिशवी मांडीवर घेऊन.

"मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो," व्यवस्थापक म्हणाले. "कंपनीच्या सिस्टिमला पैसे द्यावे लागतात ते उगीच नाही. काही झालं तर कोणाला तरी धरता येतं. आता मी कोणाला धरू?"

"मला धरा," फुकटराव म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पण साहेब, काय चुकलं ते मला खरंच कळत नाही. ठिपके सगळे बरोबर आहेत. मोठ्या बाईंनी पान न् पान तपासलंय."

"मोठ्या बाईंच्या तपासण्यात खोट नसते. तुमच्या सिस्टिमने यंत्र नंतर बिघडवलं असेल. ते भंगारात देऊ आणि ती सिस्टिमही काढून टाका. नवं यंत्र येईपर्यंत छपाई बंद."

नवं यंत्र येईपर्यंत म्हणजे किती, ते सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षं तरी. त्या दोन वर्षांत सहा शाळांना पुस्तकं नाहीत. मी ताईकडे बघत होते. मला बोलायचं होतं. मी म्हणू शकले असते, साहेब, माझंच चुकलं, मी भरभर वाचलं, काहीही.

ताई बोलली. "यंत्र बिघडलेलं नाही, साहेब. पहिल्या पानापासून ते असंच छापत होतं. माझ्या बोटांना काही लागलं नाही."

कोणाला कळेना. व्यवस्थापक म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे ठिपके उथळ होते की खोल, मला कळलंच नाही. मला बरेच दिवस काहीच कळत नाही. हे म्हणाले ठीक, ही वाचत होती ठीक, मी शिक्का मारला." मग तिने फुकटरावांच्या दिशेने मान वळवली. "यांना एकदा जरी मी म्हटलं असतं की लागत नाहीये, तर यांनी शोधून काढलं असतं. यांच्या सिस्टिमला कशाला बोल लावता?"

फुकटराव उठले. पुस्तक उचललं, डोळे मिटले आणि बोट पानावर फिरवलं. इतकी वर्षं आम्ही ज्या गोष्टीवर जगलो, ती गोष्ट त्या दिवसापर्यंत आमच्यातल्या कोणा डोळसाने केली नव्हती. ते तसेच यंत्राच्या खोलीत गेले.

तासाभरात त्यांना सापडलं. यंत्राच्या हातोड्यांनी कागदावर किती जोराने मारायचं, हा एक आकडा असतो. कंपनीचा प्रोग्राम प्रत्येक छपाईच्या आधी तो आकडा गुपचूप पाठवत असे. फुकट सिस्टिमला तो पाठवायचा असतो हेच कोणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून यंत्र पातळ कागदाच्या हलक्या जोराने जाड कागदावर मारत राहिलं. फुकटरावांनी एक ओळ वाढवली. यंत्राचा आवाज बदलला. पूर्वीसारखा, खिडकीच्या काचा हलवणारा.

त्यांनी नवं पान आणून ताईसमोर धरलं आणि मग काय करतोय ते लक्षात येऊन हात मागे घेतला. ताईने तरी ते मागून घेतलं. बराच वेळ ती बोटं फिरवत होती. "आवाजावरून बरोबर वाटतंय," म्हणाली.

त्या संध्याकाळी बसच्या थांब्यावर ती मला म्हणाली, "तू एकदा एक ओळ गाळली होतीस."

"तुला कळलं होतं?"

"कानांना कळलं होतं. अर्थ तुटला होता ना. बोटांना नाही कळलं."

"मग टिचकी का नाही मारलीस?"

"मारली असती तर तू विचारलं असतंस, पानावर काय आहे. काय सांगितलं असतं?" बस येत होती. तिने माझा दंड धरला. "आणि तू तरी का नाही बोललीस गं?"

मी तिला बसमध्ये चढवलं. मायेने गप्प बसले असं मी स्वतःला सांगते. पण शाळेतली ती मुलगी आपण वाचायचं विसरलो म्हणून रडली, ते माझ्या मायेचंच फळ होतं.

पुस्तकं पुन्हा छापली गेली. ती सिस्टिम राहिली, यंत्रही राहिलं. ताईच्या खुर्चीवर एक नवी बाई आली, त्याच सहा शाळांतल्या एकीत शिकलेली. ती मोठ्याने वाचायची आणि मी छापील पुस्तकात बघायची. पद्धत सरळ झाली. वेग फार कमी होता, पण त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

ताई घरी असायची. मी संध्याकाळी तिला वाचून दाखवायची. ती ऐकायची, पण मध्येच "असू दे आता, दमली असशील," म्हणायची. पूर्वी मी दमले म्हणून तिने कधी सोडलं नव्हतं.

महिन्याभराने फुकटराव घरी आले. रिकाम्या हाताने नाही, एक जुना कॉम्प्युटर घेऊन. कोणीतरी टाकून दिलेला, त्यांनी त्यात आपली सिस्टिम घातली होती. त्यात बोलून वाचणारा प्रोग्राम होता, तोही फुकट. त्यांनी टेबलावर सगळं मांडलं, ताईला कुठली तीन बटणं कशासाठी ते शिकवलं आणि त्यांच्यावर खडबडीत कागदाचे तुकडे चिकटवले, मोठे, तिलाही लागतील असे. मग एक गोष्ट लावली. बाईचा आवाज होता, जोडाक्षरांना ठेच खाणारा, पण समजत होता. ताईने शेवटपर्यंत ऐकलं.

"छान आहे," ती म्हणाली. "फार कष्ट घेतलेत तुम्ही."

"हवी तेवढी पुस्तकं घालून देतो, बाई. हजारो आहेत. फु..." आणि त्यांनी जीभ चावली.

"बोला की. फुकट," ताई म्हणाली, आणि दोघं हसले. ते गेले तेव्हा ती दारापर्यंत आली.

आत येऊन तिने पुन्हा बटण दाबलं. आवाज पुढची गोष्ट वाचायला लागला. मी भाजी निवडत होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बंद करतेस का जरा?"

"आवाज आवडला नाही का? दुसराही आहे म्हणत होते."

"आवाज चांगलाय गं. तुझाही चांगलाय." ती शब्द शोधत होती, आणि ताईला शब्द शोधावे लागताना मी प्रथमच बघत होते. "लहानपणी तुम्ही सगळे झोपलात की मी पांघरुणात पुस्तक घ्यायची. घरात कोणाला पत्ता नसायचा. मला वाचताना कधी काही ऐकू यायचं नाही. गोष्ट आपली थेट आत जायची. आता मध्ये कोणीतरी असणारच, नाही का?"

मी कॉम्प्युटर बंद केला. त्याचा पंखा जरा वेळ फिरत राहिला, मग थांबला. ताई तिथेच बसून होती, हात मांडीवर उपडे ठेवून.