मामाच्या जागी आत्या

"ओळ सोळा. पंचवीस," काकांनी पडद्यावरून वाचले.

तिने हातातल्या कागदावर बोट टेकवले आणि ती थांबली.

"सव्वाशे, काका."

"पंचवीस," ते पुन्हा म्हणाले. मग जरा घाईने, "चल पुढे. ओळ सतरा. चाळीस."

कागदावर एकशे चाळीस होते. काका तिची फिरकी घेत असतील असे वाटून ती हसली. हसत हसतच तिने खुर्ची सरकवली, त्यांच्या पडद्यात डोकावली, आणि तिचे हसू जागच्या जागी विरले. पडद्यावर १२५ अगदी स्वच्छ दिसत होते. त्याखाली १४०.

"काका, हा आकडा वाचा बरं."

काकांनी मान डावीकडे वळवली, इतकी की हनुवटी खांद्याला टेकली. "एकशे... पंचवीस," ते म्हणाले, आणि त्यांनी रुमालाने चष्मा पुसायला घेतला.

हे तक्ते औषधाच्या पंपांसाठी असत. कोणत्या वजनाच्या रुग्णाला पंपाने तासाला किती औषध सोडायचे, याचे आकडे इथे टाईप होत. काका ते मूळ कागदाशी ताडून पाहत, खाली सही करत, आणि तक्ता इस्पितळात जाई. रोजचे छोटे तक्ते ते एकटेच तपासत. सहामाही मोठ्या तक्त्याला मात्र दोन माणसे लागत, एक वाचणारा आणि एक कागद धरणारा. म्हणून आज ती इथे बसली होती. एरवी तिचे काम ऑफिसातल्या संगणकांचे.

सोमवारपासून काका असेच मान वाकडी करून बसत होते. 'उशी बदला,' असा सल्लाही तिने त्यांना देऊन ठेवला होता.

सोमवारपासून.

सोमवारी तिने सगळ्या संगणकांवर एडिटर नव्याने बसवला होता. ज्यात हे तक्ते टाईप होत तो एडिटर ऑफिसचा स्वतःचा, जुना. त्याचा सोर्स कोड एकच, पण संगणक तऱ्हेतऱ्हेचे. एकाचा पडदा अरुंद, दुसऱ्याच्या कळा भलतेच संकेत पाठवणाऱ्या. म्हणून प्रत्येक यंत्राच्या खोडी सांगणारी एकेक फाईल होती. एडिटर बसवण्यापूर्वी एक छोटा प्रोग्राम यंत्राला त्याचे नाव विचारी आणि त्याची फाईल उचली. ही नावे कुणीतरी फार पूर्वी नात्यांवरून ठेवलेली: आजोबा, मामा, थोरली, धाकटी.

नोंदवहीत यंत्रे अकरा आणि फायली मात्र बारा. जास्तीच्या फाईलचे नाव होते 'आत्या'. या नावाचे यंत्र ऑफिसात नव्हतेच. वर त्या छोट्या प्रोग्राममध्ये एक ओळ सापडली: यंत्र 'मामा' असेल तर 'आत्या'ची फाईल घ्यावी. ते वाचून ती खो खो हसत सुटली होती. "आईचा भाऊ आणि बापाची बहीण यांत कुणीतरी घोळ घातलाय हो!" असे टेबलाटेबलाशी जाऊन तिने सांगितले होते. सगळे हसले. काकाही हसले. मग तिने ती ओळ दुरुस्त केली, आत्याच्या जागी मामा लिहिले आणि 'आत्या' पुसून टाकली.

पुसण्यापूर्वी वाचली होती, हे खरे. 'पडद्याचा डावा अर्धा भाग निकामी. तिथे काहीही लिहू नये. प्रत्येक ओळ मधल्या जाड उभ्या रेघेपासून सुरू करावी. रेघ दिसेपर्यंत ओळीची सुरुवात सापडली असे धरू नये. दुरुस्ती होणार नाही.'

चौथ्या वाक्यापाशी ती अडली होती. यंत्र रेघ काढते. रेघ दिसण्याची वाट ते कसे बघेल? पण दुपारपर्यंत अकरा संगणक उरकायचे होते.

'मामा' आत्ता तिच्यासमोर होता, काकांच्या टेबलावर. त्याचा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत धडधाकट होता.

"काका," ती म्हणाली, "आत्या म्हणजे तुम्ही."

काकांनी दाराकडे पाहिले. दार बंद होते.

"हळू बोल, प्रश्नपत्रिके." ती सारखी प्रश्न विचारते म्हणून हे नाव त्यांनीच तिला दिले होते.

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. तू यायच्या आधी. तापाची सुट्टी म्हणून सांगितलं सगळ्यांना. मेंदूत गुठळी झाली होती. हातपाय वाचले. डोळेही ठणठणीत आहेत, पण डाव्या बाजूचं काही मेंदूपर्यंत पोचतच नाही." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "माझ्या आत्याचंही शेवटी असंच झालं होतं. निम्मं ताट जेवायची आणि निम्मं तसंच सोडायची. घरातले म्हणायचे, म्हातारीचे नखरे. मी ताट फिरवून ठेवायचो, की उरलेलं जेवायची. म्हणून फाईलला तिचं नाव दिलं."

"तुम्ही लिहिलीत?"

"मग काय बाईंकडून लिहून घेऊ? कळलं असतं तर त्याच दिवशी सहीचा अधिकार गेला असता."

बाई म्हणजे विभागप्रमुख. त्यांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती.

"पण सोमवारी रेघ गेलेली तुम्हाला कळलं असेल ना?"

"एडिटर उघडल्या उघडल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू विचारलं असतंस, 'का?' तुझं पहिलं 'का' निभावलं असतं. दुसरं नसतं निभावलं." ते हसायला गेले, पण ते काही जमले नाही. "म्हटलं, मान वळवून भागेल."

ती उठली. कपाटातून तिने सोमवारचा आणि मंगळवारचा तक्ता काढला, मूळ कागद शेजारी ठेवले आणि ओळीन् ओळ बोट ठेवून पाहू लागली. सोमवारचा बरोबर होता. मंगळवारच्या अकराव्या ओळीवर तिचे बोट थबकले. मूळ कागदावर ६०. तक्त्यात १६०. तिने तीनदा वाचले. तिन्ही वेळा तो एक तिथेच होता, आणि पानाच्या तळाशी काकांची घोटीव सही.

तिने तक्ता त्यांच्या उजव्या हाताशी सरकवला. काकांनी मान वळवून पाहिले.

"हा काल संध्याकाळी गेला," ते म्हणाले.

"काका, फाईल मी पुसली. परत आणता येते. दहा मिनिटांत रेघ—"

"रेघ राहू दे. आधी इस्पितळाला फोन. नंबर तू वाच."

तिने वाचला, एकेक आकडा सुटा सुटा. खोली इतकी शांत होती की पलीकडचा आवाज तिलाही ऐकू येत होता.

"मंगळवारचा तक्ता पंपावर चढवलात का?" काकांनी विचारले.

"थांबा हं." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. तो फार वेळ चालला. "नाही, अजून नाही. पंपवाले दुपारी यायचेत."

"चढवू नका. फाडून टाका तो. अकरावी ओळ चुकलीय."

"बापरे! तुमच्याकडून कधी चूक येत नाही हो. मशीन बिघडलं की काय?"

तिने जोरजोरात मान हलवली: हो म्हणा, हो. तसे ते धड खोटेही नव्हते. काकांनी तिच्याकडे पाहिलेच नाही. आपण त्यांच्या डाव्या हाताला बसलो आहोत, हे ध्यानात यायला तिला क्षणभर लागला.

"मशीन उत्तम आहे," काका म्हणाले. "तपासणाऱ्याला दिसलं नाही."

"कोण हो तुमचा तपासणारा?"

"मीच."

फोन ठेवून ते उठले. मंगळवारचा तक्ता त्यांनी नीट दुमडून काखेत धरला.

"बाईंकडे जाऊन येतो. तू रेघेचं बघ."

तिने पडदा बंद केला आणि ती त्यांच्यामागून निघाली.

"तू कशाला? तुझं नाव कुठेच नाहीये यात."

ती चालतच राहिली. व्हरांड्यात कुणीतरी खुर्च्या हलवत होते; ते जाईपर्यंत दोघे भिंतीला लागून उभे राहिले. मग काकांनी टोकाच्या दारावर टकटक केली.

"कोण आहे?" बाईंनी आतून विचारले.

काकांनी तोंड उघडले, पण ती आधी बोलली.

"आम्ही दोघं."