आखूड नळीची बंदूक

सलग दोन हंगाम नायरी रानातून रिकाम्या हाताने परतली होती, आणि त्याचं सगळं खापर तिने बंदुकीच्या माथी फोडलं होतं. बंदूक सासऱ्यांची, चांगली लांबलचक, या डोंगरावरून त्या डोंगरावरचं टिपायची. रुआताहुनाच्या रानात तिचं काय काम? इथे भर दुपारी चार झाडांपलीकडचं दिसत नाही. वरून काळ्या वेली दोरखंडासारख्या लोंबत असतात. नळी उचलली की ती कुठल्या तरी वेलीत अडकलीच म्हणून समजा, आणि सोडवेपर्यंत जनावर पसार. मागच्या एप्रिलमध्ये असाच एक मोठा नर तिच्या डोळ्यांदेखत चालता झाला होता. त्यावरून दिराने तिला वर्षभर पिडलं होतं. "वहिनी, यंदा बंदूक राहू दे, कोयता घेऊन जा," म्हणायचा.

त्यातून यंदा बाईने स्वतःच संकट ओढवून घेतलं. सासूच्या, म्हणजे हुइया म्हातारीच्या, ऐंशीव्या वाढदिवसाला सगळं गोत मराएवर, म्हणजे गावच्या सभाघरी, जमणार होतं. त्याची बोलणी चालली असताना ही चारचौघांत बोलून बसली, की हरणाचं मटण मी आणीन. दीर हसला. म्हातारी हसली नाही, नुसतं "बरं" म्हणाली, आणि नायरीला ते "बरं"च जास्त झोंबलं. त्या दिवसापासून तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. भांडी घासता घासता ती मध्येच थांबायची, खिडकीतून डोंगराकडे बघत राहायची आणि नळ तसाच वाहत राहायचा.

शेवटी नवरा, पेतेरा, तिला गाडीत घालून फाकातानेला बंदुकांच्या दुकानात घेऊन गेला. पेतेरा तसा शांत गडी. पण बंदुकीचा विषय निघाला की त्याला कंठ फुटायचा.

"किती आखूड पाहिजे?" दुकानदार लेस्टरने विचारलं.

"वेलीत अडकणार नाही इतकी," नायरी म्हणाली.

लेस्टरने एक काढून दिली. नळी सोळा इंची. नायरीने खांद्याला लावली आणि ती तिला तिथल्या तिथे आवडली. पेतेराने मान हलवली. "पुढे सायलेन्सर लावणार ना? मग वीतभर वाढली की नाही? झाली परत बाबांच्या बंदुकीएवढी. नळी अजून कापलेली दाखव."

"फार कापली तर गोळीचा जोर जातो बरं का."

"जोर काय करायचाय? हिला हाकेच्या अंतरावर मारायचंय. आणि दस्ताही कमी करून दे, हिचे हात आखूड आहेत."

"ही, हिला, हिचे," नायरी म्हणाली. "मी इथेच उभी आहे. माझ्या हातांचं माझं मी बघते."

बंदूक एकमताने ठरली. भांडण झालं ते दुर्बिणीवरून. पेतेराचं म्हणणं, छोटी का होईना, पण दुर्बीण हवी, चौपट मोठं दाखवणारी. झुडपात तपकिरी काही दिसलं तर ते काय आहे हे आधी कळलं पाहिजे. नायरीला नुसता लाल ठिपक्याचा नेम हवा होता. त्यात काही मोठं दिसत नाही, पण ठिपका ठेवला की काम फत्ते. दुर्बिणीत डोळा बसवण्यात जाणारा वेळही वाचतो.

"हरणाच्या पापण्या मोजायच्यात का मला?"

"मोजू नकोस, पण हरीण आहे ना, एवढं तरी बघ."

"ते बघायला डोळे दिलेत देवाने."

पेतेराने लेस्टरकडे बघितलं. लेस्टर काउंटर पुसायला लागला. त्यालाही घरी बायको होती. लाल ठिपका बसवून नायरी बंदूक घेऊन आली.

मग घरी सराव सुरू झाला. रिकामी बंदूक मांडीवर घेऊन ती सोफ्यावर बसायची आणि मनात आलं की झटकन खांद्याला लावायची. बोल्ट मागे, बोल्ट पुढे, ठिपका, चाप. टीव्हीवरच्या बातमीदाराला तिने किती वेळा टिपलं त्याला गणती नाही. "बिचारा हवामान सांगतोय गं," पेतेरा म्हणायचा. पण हात असा काही बसला होता की कधी उचलली आणि कधी चाप ओढला हे तिचं तिलाच कळत नसे. तिला त्याचा केवढा अभिमान.

एप्रिल उजाडला. नर डुरकायला लागले. या दिवसांत नराला दुसऱ्या नराची डुरकी ऐकवत नाही, तो भांडायला चालून येतो. म्हणून इथली माणसं प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा तोंडाला लावून हुबेहूब डुरकतात आणि त्याला बोलावून घेतात. नायरीची डुरकी तर गावात नावाजलेली.

पहाटे दोघं ओढ्यापाशी आले. ठरलं असं, की ओढ्याच्या अलीकडे ती आणि पलीकडे तो. कुणी ओढा ओलांडायचा नाही. तिने टाकलेली सासऱ्यांची लांब बंदूक पेतेराच्या खांद्यावर होती. झाडीत माणूस ओळखू यावा म्हणून दोघांच्या डोक्यावर नारिंगी टोप्या होत्या. नायरीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. तिने घाईघाईने काडतुसांचं मॅगझिन बंदुकीच्या खाली लावलं आणि त्याचं बोलणं पुरतं संपायच्या आधी निघालीसुद्धा.

पहिल्या दोन डुरक्यांना काहीच नाही. तिसरीला उत्तर आलं. लांबून, घोगरं, रागावलेलं.  नायरी पुन्हा डुरकली आणि उत्तर जवळ आलं. आता सावकाश, एका जागी बसून राहायचं, जनावराला येऊ द्यायचं, हे तिला काय माहीत नव्हतं? पुतण्यांना तिनेच शिकवलं होतं. अख्खं जनावर दिसल्याशिवाय चापावर बोट ठेवायचं नाही, हेही तिनेच त्यांना बजावलं होतं. पण म्हातारीचं ते "बरं" कानात वाजत होतं आणि बूड काही टेकत नव्हतं. ती आवाजाच्या रोखाने सरकत गेली. वाटेत एक घळ लागली. वरच्या अंगाला ओढा आटून नुसते दगड उरले होते. पाणी नाही म्हटल्यावर तो ओढाच आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

समोरची नेची हलली. पानांमागे तपकिरी काहीतरी, छातीएवढ्या उंचीवर, सावकाश पुढे येत होतं. आणि तिच्या हातांनी ते केलं जे ते कित्येक दिवस सोफ्यावर करत होते. बंदूक कुठेही न अडकता वर आली. बोल्ट मागे, बोल्ट पुढे, ठिपका तपकिरीच्या मधोमध, चाप.

खट् एवढंच वाजलं.

हात पुन्हा बोल्टवर गेला होता तेवढ्यात ते तपकिरी ताठ उभं राहिलं. त्याने खिशातून नारिंगी टोपी काढली आणि डोक्यावर चढवली.

"तूच होय गं?" पेतेरा हसत हसत नेची बाजूला करत आला. त्याच्या अंगात तपकिरी लोकरी शर्ट होता, बंदूक खांद्यालाच होती. "वेलींनी चार वेळा टोपी उडवली, मग कंटाळून खिशात टाकली. आणि काय डुरकतेस गं. मी म्हटलं, हा नर सोडायचा नाही, म्हणून उलट डुरकत इकडे आलो. तू ओढा कशी ओलांडलीस पण?"

त्याला काही ऐकू गेलं नव्हतं. गप्प राहिली असती तर कुणालाही कधी कळलं नसतं. नायरी खाली बसली.

"मी चाप ओढला," ती म्हणाली.

"कशाचा?"

"तुझ्यावर, पेतेरा. मी तुझ्यावर चाप ओढला."

त्याने तिच्या हातातून बंदूक घेतली, बोल्ट उघडला. आत काही नव्हतं. मॅगझिनला हात लावला तर ते हातात आलं, सगळी काडतुसं जागच्या जागी. पहाटे ते नीट बसलंच नव्हतं, खटका लागला नव्हता. त्यामुळे काडतूस न उचलता बोल्ट वरच्या वर रिकामाच सरकला होता. पेतेराने मॅगझिनवरून नजर उचलली.

"ठिपका कुठे होता?"

तिने उठून त्याच्या शर्टच्या दुसऱ्या बटणावर बोट ठेवलं.  त्याने ते हळूच बाजूला केलं आणि तिथे स्वतःचा तळवा ठेवला. मग ती रडली, मोठमोठ्याने, लहान पोरीसारखी. त्याने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, "झालं, झालं" म्हणाला. रागाचा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. तिने स्वतःच्या हाताने बंदुकीतला बोल्ट काढला आणि मॅगझिनसकट त्याच्या खिशात टाकला. आता त्या बंदुकीने एखाद्याला ठोसता आलं असतं, बाकी काही नाही.

परतीची वाट एका माणसापुरती. लग्न झाल्यापासून या रानात तो पुढे आणि त्याच्या पाठीवर नजर ठेवून ती मागे, असंच दोघं चालत आले होते. ती तो पुढे व्हायची वाट बघत थांबली. पेतेरा वाटेच्या कडेला सरकून उभा राहिला. खिशावर त्याचा हात होता, बोल्ट आत होता, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"तू हो पुढे," तो म्हणाला.