प्रागमध्ये आई म्हणाली, आणा

उर्वी शाळेच्या डिबेटमध्ये पहिली आली आणि त्या दिवसापासून घरात कुणाचं काही चालेना. डिशवॉशरमध्ये वाट्या कशा लावाव्यात यावरही ती मुद्देसूद बोलायची, आणि तिचे बाबा, यतीन, मुकाट्याने वाट्या फिरवून ठेवायचे. पण मार्चमध्ये टीमबरोबर शिकागोला जायचंय, आईबाबांशिवाय, हे तिने काढलं मात्र, सगळे मुद्दे टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या त्या किचनमध्येच आपटले. तिची आई, मालिनी, म्हणाली, अजून स्वतःची हूडी कुठे ठेवलीस ते आठवत नाही आणि निघाली शिकागोला.

शेवटी बाबांनी तोड काढली. डिसेंबरच्या सुट्टीत तिघं प्रागला जाणारच होती. तिथला पहिला दिवस पूर्णपणे उर्वीने सांभाळायचा. कुणी हरवायचं नाही, कुणी उपाशी राहायचं नाही, कुणी गारठायचं नाही. जमलं तर शिकागो.

"मग तिकडचे चार शब्द तरी शिकून घे," आई म्हणाली.

"आई, चिल. सगळ्यांना इंग्लिश येतं."

आता फ्रिस्कोतली थंडी म्हणजे रस्त्यावर चिमूटभर बर्फ आणि लगेच शाळेला सुट्टी. खरे कोट कुणाकडेच नव्हते. ते आले शेजारच्या दीपा काकूंकडून. त्यांनी पूर्वी मिनियापोलिसमध्ये बरेच हिवाळे काढले होते. बाबांच्या वाट्याला काकांचा गुडघ्यापर्यंतचा केशरी कोट आला. तो घालून बाबा रस्त्याच्या कामाजवळ ठेवतात त्या कोनसारखे दिसायला लागले. उर्वीला उलट बरं वाटलं. निदान बाबा तरी हरवणार नाहीत.

प्रागच्या जुन्या पुलावर दुतर्फा दगडी संत उभे होते आणि सगळ्यांच्या डोक्यावर बर्फ साचलं होतं. आईने प्रत्येकाकडे मायेने बघत, या बिचाऱ्यांना कुणी कानटोप्या का घालत नाही, असं विचारलं. उर्वी फोनमध्ये बघून माहिती वाचून दाखवत होती, तीही अगदी टूर गाइडसारखा हात उंचावून. तेवढ्यात नदीवरून असा वारा आला की माहिती, हात आणि फोन तिन्ही गारठले. फोन तर बंदच पडला. नकाशा त्यातच. आईचे दात वाजायला लागले तशी उर्वीने, हे प्लॅनमध्येच होतं, असा चेहरा करून दोघांना समोरच्या गल्लीतल्या एका छोट्या खानावळीत घातलं.

आत ऊब होती आणि पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा वेटर होता. त्याला इंग्लिशचा गंधही नव्हता. शेजारच्या टेबलावर गोल, पांढरे, वाफाळते गोळे होते, वर लोण्याची धार. उर्वीने बोटाने तेच दाखवलं आणि मीट नाही ना, हे चक्क कोंबडीचा अभिनय करून विचारलं. म्हाताऱ्याने हसून मेनूवरचं आलुबुखाराचं चित्र दाखवलं.

पहिला गोळा फोडल्यावर आईचे डोळेच पाणावले. "अहो, मोदक आहेत हे. फक्त कळ्या पाडल्या नाहीत."

आई अजूनही बाबांना अहो म्हणायची. साताऱ्याहून थेट टेक्सासला आली, पण अहो काही सुटलं नाही. तिची पिशवी बाबांच्या मागे खुंटीवर होती. म्हाताऱ्याने येऊन, "येश्ते?" असं काहीतरी विचारलं, तेव्हा ती नेमकी बाबांना सांगत होती, अहो, माझी शाल आणा. म्हातारा खूश होऊन गेला आणि आणखी एक प्लेट घेऊन आला. ती संपत आली, पुन्हा "येश्ते?" या वेळी आईला पिशवीतली लसणाची चटणी हवी होती. "आणा, आणा," ती म्हणाली. दोन प्लेट आल्या.

बाबांना शंका आली. उर्वीने त्यांना समजावलं की आपल्याकडे रेस्टॉरंटमध्ये चिप्स-साल्सा कसं फुकट, संपलं की पुन्हा, तसंच असणार. तरी खात्री करावी म्हणून तिने म्हाताऱ्याला खुणांनी विचारलं, हे आम्ही ऑर्डर केलंय का?

"नो, नो," म्हातारा मान डोलावत म्हणाला.

"बघा," उर्वी म्हणाली. "नो म्हणतोय. फ्री आहे."

मग आईला हातमोजे आठवले, मग बाबांचं कफ सिरप आठवलं, आणि टेबलावर कोपर टेकायला जागा उरली नाही.

बिल आलं ते चांगलं लांबलचक. उर्वी तावातावाने काउंटरवरच्या मुलीकडे गेली. तिला इंग्लिश येत होतं. तिने म्हाताऱ्याला विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि हसत हसत काउंटरवर डोकंच टेकलं. आमच्याकडे 'येश्ते' म्हणजे आणखी हवं का आणि 'आनो' म्हणजे हो, ती म्हणाली. आणि नुसतं 'नो' म्हणजे, हो ना, हो हो. तुझी आई तर प्रत्येक वेळी हो म्हणत होती.

उर्वीला तिथेच शिकागो वितळताना दिसलं. पण बाबांनी बिल भरेपर्यंत तिने म्हाताऱ्याची माफी मागितली, उरलेले मोदक आईच्या पोळीच्या रिकाम्या डब्यात भरून घेतले आणि बंद फोन खिशात टाकून बाहेर पडली. प्रत्येक चौकात कुणाला तरी हॉटेलचं नाव सांगायचं, बोट दाखवायचं आणि विचारायचं, आनो? समोरचा म्हणायचा, नो. की ती त्याच दिशेने चालू लागायची. मागून शालीतली आई, तिच्यामागून केशरी कोन. अंधार पडायच्या आत हॉटेल आलं.

शिकागोचं घरी गेल्यावर बघू, बाबा म्हणाले. परतीच्या विमानातही तेच.

फ्रिस्कोला पोचल्यावर खिचडीच्या ताटावर उर्वीने विषय काढला. चूक माझी होती, शब्द शिकायला हवे होते, पण रस्ता तर काढला ना, असं काय काय ती बोलली. शेवटी आवाज बारीक झाला. "तर मग जाऊ का मी शिकागोला?"

बाबांनी घास खाल्ला. पाणी प्यायले.

"नो."

उर्वीची मान खाली गेली. आई डाव हातात धरून बाबांकडे वळली.

"अहो, पोरीला नीट सांगा. कुठल्या भाषेतलं नो?"

"मिशीवाल्याच्या," बाबा म्हणाले. "कुणी हरवलं नाही, गारठलं नाही. आणि उपाशी तर, मालिनी, मला अजून ढेकर येतायत."

उर्वी खुर्चीवरून उठली ती थेट बाबांच्या गळ्यात. आईने विचारलं, खिचडी अजून हवी का?

"आणा, आणा," उर्वी म्हणाली.