डांगरवाडीतला नाच

“दुसरा पाय टेकला, आजोबा. तो नाही टेकायचा,” बेबीने बजावले.

मुकुंदरावांनी निमूटपणे पाय पुन्हा उचलला. एकसष्टाव्या वर्षी एका पायावर नाचायचे म्हणजे भिंतीचा आधार लागतो. तो घेत, “आई गं, मेलो गं” असे केकाटत ते बैठकीतल्या गार फरशीवर थयथय नाचू लागले. बेबी हसून पलंगावर लोळली. स्वयंपाकघरातून सून प्रेमलता म्हणाली, “मामंजी, कंबर धरंल न मग,” पण तिच्याही आवाजात हसू होते.

नवतपा, उन्हाळ्यातले ते नऊ जहाल दिवस, चालू होता. प्रतापनगरच्या नव्या वस्तीवर दुपार अशी पडली होती, की कुणी चुन्याची भट्टी उघडी टाकून निघून गेले असावे. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत बेबीला दाराबाहेर पाऊल टाकायची बंदी होती. खिडक्यांना जाड पडदे, कूलरला वाळ्याचे तट्टे, आणि त्या ओल्या, सुगंधी काळोखात आजोबांची गोष्ट. दर उन्हाळ्यात पहिले डांगर, म्हणजे खरबूज, चिरले की ती निघायची. कन्हान नदी आटली की तिच्या वाळूत डांगरांच्या वाड्या लागत. मुकुंदा आणि नत्थू, दोन अनवाणी पोरे, दिवसभर ऊन पांघरून हिंडत. एके दिवशी हावरट नत्थूने डांगर तोडले. वाडीवाल्याने त्याला धरून भर दुपारी वाळूत उभे केले. आणि मग नत्थू जो नाचला, जो नाचला!

“आमचं बालपण म्हणजे मोकळं रान होतं, बेटा,” गोष्टीच्या शेवटी मुकुंदराव म्हणत. “तुम्ही बापडी कुंडीतली रोपं.” हे वाक्य त्यांना स्वतःला फार आवडे. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या त्या माणसाने आयुष्यात हजारो मसुदे लिहिले होते. कविता मात्र ही एवढीच.

कडी वाजली.

दारात एक उंच, सावळा म्हातारा उभा होता. पांढरा सदरा, डोक्याला ओला दुपट्टा, हातात कापडी पिशवी. चपला त्याने आधीच पायरीखाली काढून ठेवल्या होत्या.

“कन्हानच्या मास्तरांचे मुकुंदराव तुमीच ना?”

मुकुंदरावांनी डोळ्यांवरून ओळखले. “अरे नत्थू! नत्थू गा!” पन्नास वर्षांपूर्वीची बोली तोंडून आपोआप निसटली. “कुठं होता बे इतके दिवस?”

“आनंदराव,” पाहुणा शांतपणे म्हणाला. “छप्पन सालच्या दीक्षेपासून आनंदराव. नत्थू म्हननारी एक मायच होती. तेही गेली.”

“हो, हो. बसा ना. आनंदराव, बसा.”

आनंदराव खुर्चीत पाठ टेकून बसले. पाणी प्यायले. पिशवीतून लग्नपत्रिका काढून त्यांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली. “नातीचं लगन आहे. नर्स झाली ते. तुमचा पत्ता जुन्या हापिसातून घेतला. मास्तरांनी मले अक्षरं शिकवली. वऱ्हांड्याच्या पायरीवर बसवून, पन शिकवली. त्याच्यावरच खाणीत हजेरीबाबू झालो. मास्तर तर नाही आता. म्हटलं, त्यायच्या घरी तरी पत्रिका गेली पायजे.”

मग पिशवीतून एक डांगर निघाले. पिकून फुटायला आलेले. त्याच्या वासाने खोली भरून गेली. बेबी पलंगावरून उतरली होती. ती पाहुण्याच्या पायांकडे टक लावून बघत होती.

“बेबी, आत जा. अभ्यास कर.”

“सुट्टी आहे ना, आजोबा.”

“मग आईला मदत कर. जा म्हटलं ना.”

बेबी हलली नाही. “तुम्हीच का ते नत्थूआजोबा? वाळूत नाचणारे?”

“नाचनारा?”

“आमचे आजोबा करून दाखवतात. एक पाय वर करून. दाखवा ना, आजोबा, आत्ता करत होते तसं.”

कूलरचे पाणी तट्ट्यांवरून ठिबकत राहिले. आनंदरावांनी मुकुंदरावांकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर बरे झाले असते. हजेरीपटावर आपले नाव कुणी तरी भलत्याच रकान्यात चढवलेले दिसावे, आणि कुणी चढवले हेही कळावे, तसे ते पाहत होते.

“मी नाचलो नव्हतो, बाई,” ते बेबीला म्हणाले. “उभा होतो.”

“लहान होतो आपण...” मुकुंदराव पुटपुटले. “लेकरांना हसवायचं म्हणून आपलं...”

“हो. लहानच होतो,” आनंदराव म्हणाले. “अकरा वर्साचे. दोघंबी.”

मुकुंदरावांना सगळे ठाऊक होते. विसरले काहीच नव्हते. डांगर त्यांनी तोडले होते. नत्थूच्या हाती फक्त दिले होते. वाडीवाला आला तेव्हा त्याने विचारले होते, “मास्तरांचा पोरगा नं तू? जाय घरी.” आणि दुसऱ्याला म्हणाला होता, “तू ठायर. कोनं तोडलं ते सांगशीन तवाच हालजो.” मुकुंदा घरीही गेला नाही. काठावरच्या करंजाच्या सावलीत जाऊन बसला आणि तिथून पाहत राहिला. नत्थू पांढऱ्याफेक वाळूत उभा होता. पाय न उचलता, तोंड न उघडता, करंजाकडे बघत. सावली सरकत गेली तसा मुकुंदा सावलीबरोबर सरकत गेला. नत्थू जिथल्या तिथे होता.

उभ्या राहिलेल्या मुलाची गोष्ट सांगता येत नव्हती. म्हणून मुकुंदरावांनी त्याला नाचवले. आधी स्वतःच्या मुलांपुढे, मग नातीपुढे. तीस उन्हाळे नाचवले.

प्रेमलता पन्ह्याचे पेले घेऊन आली. “बेबी कुठं गेली?” तिने विचारले, आणि त्याच क्षणी वरून किंकाळी आली.

गच्चीचे दार सताड उघडे होते. उभे राहता येते का, हे पोरीला स्वतः पाहायचे असावे. पाण्याच्या टाकीपर्यंत ती पळत गेली होती. आता त्या पेटलेल्या सिमेंटवर पाय आपटत, कोणत्या दिशेने यायचे हेही न सुचून ओरडत होती. मुकुंदराव सर्वांत आधी वर पोचले. पोचले आणि उंबऱ्याशी थांबले.

“चपला! प्रेमलता, माझ्या चपला आण!”

त्यांच्या खांद्याला निसटता धक्का लागला. आनंदराव अनवाणीच पुढे निघून गेले. ते धावले नाहीत, थबकलेही नाहीत. टाकीपाशी जाऊन त्यांनी बेबीला उचलले, खांद्यावर घेतले आणि त्याच चालीने परत आले. मुकुंदरावांनी बाजूला होऊन वाट दिली. तेवढेच त्यांना जमले.

खाली बेबीचे पाय पाण्याच्या परातीत बुडवले गेले. हुंदके थांबल्यावर ती म्हणाली, “तुम्ही आत्ता पण नाही नाचले.”

“लेकरू खांद्यावर घेऊन कोनी नाचते का वं?”

“काका, तुमचेही पाय भाजले असतील,” प्रेमलता दुसरी परात आणू लागली.

“राहू दे, बाई. मी निंगतो आता.” ते उठले. “लग्नाले या, मुकुंदराव. अन् डांगर आजच चिरजा. उद्यापर्यंत उतरंल ते.”

मुकुंदराव दारापर्यंत गेले. आनंदराव वाकून, जरा वेळ लावून, एकेक पाय चपलेत घालत होते. आता, मुकुंदरावांना वाटले. आता बोललो नाही तर मग कधी? त्यांनी घसा साफ केला.

“बस चौकातून मिळेल,” ते म्हणाले. “साडेतीनची असते.”

“हो. पाहून आलो येतानी.”

आनंदराव उन्हातून चौकाकडे वळेपर्यंत मुकुंदराव पडद्याआडून बघत राहिले. मागे वळले तेव्हा बेबी परातीतून त्यांच्याकडेच पाहत होती.

“आजोबा, डांगर कोणी तोडलं होतं?”

टेबलावरचे डांगर देठाजवळ तडकले होते.

“वरचं दार उघडं राहिलंय,” मुकुंदराव म्हणाले. “लावून येतो.”

गच्चीच्या मधोमध बेबीची लाल रिबीन पडली होती. मुकुंदरावांनी चपला उंबऱ्याशी काढल्या. रिबिनीपर्यंत जायचे आणि तिथे उभे राहायचे, एवढेच त्यांनी मनाशी ठरवले. फार नाही, शंभर मोजेपर्यंत. पहिले पाऊल. दुसरे. तिसऱ्याला दात आवळले गेले. चौथ्याला उजवा पाय न विचारता वर उचलला गेला, मग डावा, मग पुन्हा उजवा. हात हवेत आधार शोधू लागले आणि तोंडातून “आई गं” निघाले. अगदी तसेच, त्याच सुरात. कुठलीच नक्कल न करता ते नाचत होते.

रिबीन दूरच राहिली. ते उड्या मारत मागे फिरले.

दारात बेबी उभी होती. ओल्या पावलांची, परकर वर धरलेली. ती हसली नाही. थोडी बाजूला सरकली आणि त्यांना सावलीत यायला तिने जागा करून दिली.