टेबलाखालची खोली

थोरली कलासंग्रहालयाच्या पायऱ्या चढली ती नकार द्यायचाच असं ठरवून. धाकटीने तिथल्या एका दालनात आईची शिवणकामाची खोली उभी केली होती, आणि उद्या ती लोकांसाठी उघडायची होती. पण फोनवर धाकटी म्हणाली होती, "ताई, तू आधी बघ. तू नको म्हणालीस तर दार उघडणार नाही." दिलेल्या शब्दाला ती जागणारी होती, म्हणून तर थोरली एवढी गुडघेदुखी घेऊन आली.

आईची ती एकच खोली. पुढे मशीन आणि कापडं बेतायचं टेबल, मध्ये पडदा, मागे सगळा संसार. गिऱ्हाईकाची चाहूल लागली की आई हातातलं टाकून आधी पडदा ओढायची. उसवलेल्या गाद्या, पोचे आलेली भांडी, दोरीवरचे ठिगळांचे कपडे, सगळं त्या पडद्याआड. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता तीच मूठ धाकटी चारचौघांत उघडणार होती. आई असती तर लाजेने मेली असती, असं थोरलीच्या मनात आलं, आणि या वाक्यात काहीतरी गडबड आहे हेही लगेच ध्यानात आलं.

वाटेतल्या दालनांत तिने फारसं रेंगाळणं टाळलं. एकीकडे छतापासून दोरखंड लोंबत होते. एका कोपऱ्यात बादली होती. ती कलाकृती की गळतीसाठी ठेवलेली, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

धाकटी दारातच उभी होती. केस पांढरे झाले तरी कोपरापर्यंत रंगाने माखायची सवय तीच.

"पाय दुखतायत का गं?"

"पायांचं सोड. दाखव काय दिवे लावलेस ते."

आत पाऊल टाकलं आणि थोरली थबकली. खोली आईचीच होती, पण दाराची कडी तिच्या डोक्याच्याही वर. स्टूल छातीएवढं. मशीनचं चाक बैलगाडीच्या चाकाएवढं, आणि टेबल तर एखाद्या छपरासारखं.

"हे काय, चिमे? राक्षसाची खोली केलीस की."

"मी चार वर्षांची होते तेव्हा एवढीच होती."

"आणि हा मखमली पडदा? आपला पडदा दोन विटक्या चादरी जोडून केला होता. मीच टाके घातले होते त्याला."

"तूच तर सांगायचीस, पडदा ओढला की नाटक सुरू झालं, आता टेबलाखाली बसून हूं की चूं करायचं नाही. नाटकाचा पडदा म्हणजे असाच असणार ना?"

गिऱ्हाईकासमोर पोरीने 'भूक लागली' म्हणून भोकाड पसरू नये, म्हणून थोरलीनेच रचलेली ती थाप होती. तिने धीर करून पडदा बाजूला सारला. मागे ना गाद्या, ना भांडी. भिंतीवर नुसता पिवळा, उबदार उजेड पसरला होता.

"इथलं सामान कुठे गेलं?"

"कसलं सामान? तिथे आपण झोपायचो आणि ऊब असायची. बाकी मला काही आठवत नाही, ताई."

गिऱ्हाइकांपासून लपवता लपवता आईने आणि आपण हिच्यापासूनही सगळं लपवलं, हे थोरलीला आज कळलं.

"आता खाली ये," धाकटी म्हणाली आणि स्वतः टेबलाखाली शिरलीसुद्धा.

"या वयात?"

"नखरे नकोत. ये."

थोरली कण्हत, कुथत, टेबलाचा पाय धरत आत जमिनीवर बसली. वर जाड फळ्या, कडेने लोंबणारे कापडाचे काठ, आणि समोर, मशीनच्या पायडलपाशी, कागदाच्या लगद्यातून घडवलेली पावलांच्या दोन जोड्या. एक आईची, पायडलवर. दुसरी शेजारी, जरा तिरकी. दोन्ही सारख्याच, भल्या थोरल्या.

"ही दुसरी कोणाची?"

"तुझी. तू तिथे बसून काजं करायचीस ना? दोन मोठी माणसं वर बसलीत म्हटल्यावर मला कशाची भीती वाटायची नाही."

"मोठी?" थोरलीचा आवाज चिरकला. "अगं, बारा वर्षांची होते मी. चपला आईच्या जुन्या होत्या. मागे चार बोटं मोकळीच राहायची. शाळेतून आले की सुईने बोटांची चाळण व्हायची माझ्या."

धाकटीने त्या पावलांकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"मला खालून फक्त चपला दिसायच्या," ती हळूच म्हणाली. "बदलू का? रात्रीत करते लहान."

थोरलीने हात लांब करून त्या दुसऱ्या पावलाच्या टाचेवर बोट फिरवलं. लगदा खरखरीत होता.

तेवढ्यात दालनावरचा पहारेकरी वाकून डोकावला. "आजी, कलाकृतीच्या आत बसायला मनाई आहे."

"होय बाबा, एवढी काजं झाली की निघते," थोरली म्हणाली. तो बिचारा गोंधळून मागे सरला. धाकटी तोंडावर हात दाबून हसत राहिली, डोळे भरून येईस्तोवर.

"नको बदलूस," थोरली म्हणाली. "तुला दिसली तेवढीच राहू दे."

"मग उद्या उघडू?"

"उघड. पण ती मनाई काढून टाकायला सांग. पोरांना इथे खाली बसू दे, आणि त्यांना शोधत आईबाप आले तर त्यांनाही बसू दे. वरून बघून त्यांना काय कळणार!"

"सांगते."

"आणि आता मला उठव. आत आले खरी, बाहेर निघायचं कसं ते काही सुचत नाही."